सर्वानुमते

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखात होतं. शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना ‘सर्वानुमते’ म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर ‘अहो साहेब’. पण त्यांची पाठ वळली, की ‘सर्वानुमते जेवायला गेले’, ‘सर्वानुमतेंची छत्री इथेच राहिली’, असं चालायचं. त्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं आवडतही होतं.

संस्थेच्या कार्यकारिणीच्या सभांचं इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. सभेत काय झालं त्याची नोंद म्हणजे इतिवृत्त, असं शब्दकोशात दिलेलं आहे. पण शब्दकोश करणारी माणसं कार्यकारिणीच्या सभेला कधी बसलेली नसतात. सर्वानुमतेंच्या लेखी, सभेत काय व्हायला हवं होतं त्याची नोंद म्हणजे इतिवृत्त. तीन तास चाललेला गोंधळ सहा ओळींत बसवायचा आणि शेवटी लिहायचं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. भले त्या वेळी निम्मे सभासद रागावून जिन्यात उभे का असेनात.

सभा म्हणजे तरी काय असायची? लांबट टेबल, त्यावर हिरवं कापड, चहाच्या कपांचे गोल डाग, आणि भोवती उचलली जीभ लावली टाळ्याला अशी डझनभर माणसं. एकाने दुसऱ्याचं खानदान काढावं, दुसऱ्याने पहिल्याची पदवी कुठून आली ते विचारावं, आणि सर्वानुमतेंनी टेबलाच्या टोकाला बसून सुवाच्य अक्षरात लिहावं, ‘विषयावर सविस्तर चर्चा झाली.’ एकदा उपाध्यक्षांनी खजिनदारांच्या दिशेने पाण्याचा पेला भिरकावला. तो खजिनदारांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरीला लागला. इतिवृत्तात आलं : ‘सभेत पिण्याच्या पाण्याची सोय करण्यात आली होती. संस्थापकांचे स्मरण करण्यात आले.’ आता यात खोटं काय ते दाखवा. पाणी होतंच, आणि काच फुटल्यावर संस्थापकांची आठवण सगळ्यांनाच झाली.

त्यांच्या लिहिण्यात कोणीच काही करत नसे. सगळं ‘करण्यात येई’. निर्णय घेण्यात येई, नाराजी व्यक्त करण्यात येई, आणि घोटाळा तर कोणीच करत नसे, तो आपला आपण ‘झाल्याचे निदर्शनास’ येई. ज्या वाक्यात करणारा सापडत नाही, त्या वाक्याची कॉलर धरता येत नाही, हे ते उमेदवारीच्या काळातच शिकले होते. सभासदही खूश असत. सभेत तोंडाला येईल ते बोलावं आणि पुढच्या सभेत स्वतःला सभ्य माणूस म्हणून वाचावं, अशी सोय कुणाला नको असेल?

कार्यालयात हे शोभून दिसायचं. पण आयुष्यभराची सवय दारात चपलेबरोबर काढून ठेवता येत नाही. घरी गॅसवरचं दूध उतू गेलं, तर सर्वानुमते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, “दूध उतू गेल्याचं दिसतंय.”

“दिसतंय ना?” त्यांची बायको म्हणायची, “मग उठून गॅस बंद करण्यात यावा.”

बाई फटकळ होती, पण मनाची वाईट नव्हती. नवऱ्याचा हा रोग जाणार नाही हे तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी ओळखलं होतं आणि त्यावर चिडण्यापेक्षा हसायचं ठरवलं होतं. त्यांच्या लेकीला मात्र हसणं जमलं नाही.

लेकीला घरात टकळी म्हणत. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून टकळी. शिकली, विमा कचेरीत चिकटली, आणि दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिने आईबापांना बाहेरच्या खोलीत समोर बसवलं. मला ही नोकरी सोडायची आहे, म्हणाली. दुसऱ्या शहरात एक ध्वनिमुद्रणाचं ठिकाण आहे, तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात, लोक ती कानाने ऐकतात. त्यांनी माझा आवाज ऐकून मला बोलावलंय. हे सांगताना ती खूप काही बोलली. लहानपणचं, कचेरीतलं, मनातलं. सर्वानुमतेंच्या हातात पेन्सिल होती आणि मांडीवर वर्तमानपत्र. त्यांनी समासात मुद्दे टिपून घेतले. ती थांबल्यावर ते म्हणाले, “म्हणजे थोडक्यात, नोकरी सोडण्याचा विचार आहे. विषय पुढच्या वर्षापर्यंत स्थगित ठेवू.”

टकळीने विचारलं, “बाबा, मी आत्ता काय काय बोलले?”

“हेच की. नोकरी सोडणं.”

“आणि?”

त्यांनी समासात पाहिलं. “आणखी काही निष्पन्न झालं नाही.”

मधे कुठेतरी ती म्हणाली होती, की त्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत ती रोज बाथरूममध्ये जाऊन रडते. तो मुद्दा नव्हता, म्हणून समासात आला नव्हता. तिच्या आईने तो ऐकला होता आणि पदर तोंडाशी धरला होता. तीही नोंद झाली नाही.

भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता तरी येतं. ती दुसऱ्या आठवड्यात बॅग भरून गेली. सर्वानुमते तिला मोबाइलवर संदेश लिहीत : ‘येथील सर्व क्षेम. प्रकृतीची काळजी घेण्यात यावी.’ तिचं उत्तर यायचं, ‘हो.’ कधी उदार झाली तर, ‘हो बाबा.’ जिला टकळी म्हणावं ती लेक बापाच्या वाट्याला फक्त एका अक्षराने येत होती, आणि हे त्यांना आतून कुरतडत होतं. कुणाला सांगण्याची सोय नव्हती, कारण आपल्याला काय होतंय हे सांगणारं वाक्य त्यांच्या लेखणीत नव्हतं.

आईचं मात्र निराळं. आईला ती बोलून संदेश पाठवायची. लांबच लांब, शिंकांसकट, हसण्यासकट. बाई कपडे वाळत घालताना फोन कानाशी धरायची, ऐकता ऐकता खुदकन हसायची, मग फोन तोंडाशी नेऊन स्वतः तेवढंच लांबण लावायची. सर्वानुमते दाराच्या आडून चाहूल घेत. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारत, “काय म्हणतेय?”

“बरी आहे,” बाई म्हणायची आणि चिमटा लावायची.

“एवढा वेळ नुसतं बरी आहे म्हणत होती?”

“थोडक्यात तेच.”

जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या बोलण्याचा चोथा करून वाढला, आता स्वतःच्या ताटात चोथा आला. पण हे त्यांच्या लक्षात आलं असं समजू नका. बायको नोंद अपुरी घेते, एवढंच त्यांना वाटलं.

लेकीशी संबंध राखण्याचा त्यांनी एक उपाय काढला होता, तो सांगितला पाहिजे. टकळीने कुठलं पुस्तक रेकॉर्ड केलं हे ते बायकोकडून काढून घेत आणि वाचनालयातून ते छापील पुस्तक आणून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढत. “अहो, तिने वाचलंय ते ऐका की,” बाई म्हणायची. “मजकूर तोच ना?” ते म्हणायचे. “देवाने डोळे दिलेत. दुसऱ्याने वाचून दाखवायचं म्हणजे तोंडाची वाफ.” अशी चार-पाच जाडजूड पुस्तकं त्यांनी संपवली. कथा कळल्या, पात्रं कळली, पण लेक एकाही पानावर भेटली नाही. प्रत्येक पुस्तक परत करताना ते थोडे चिडलेले असत.

अशातच संस्थेत नवे चिटणीस आले. माणूस उत्साही. कुठल्यातरी शिबिराला जाऊन आला आणि येताना एक यंत्र घेऊन आला. साबणाच्या वडीएवढं. टेबलाच्या मधोमध ठेवायचं, ते सगळं बोलणं मुद्रित करतं आणि नंतर आपोआप टाइप करून कागदावर उतरवतं. “आता अक्षर न् अक्षर येईल,” चिटणीस म्हणाले. “पारदर्शकता!” सभासदांनी टाळ्या वाजवल्या. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. सर्वानुमते टोकाला बसून होते. त्यांनी ‘अभिनंदन करण्यात आले’ असं लिहिलं, आणि पेनाचं टोपण जरा जोरातच लावलं.

त्या दिवशी विषय होता शाळेच्या फाटकाला रंग कोणता द्यावा. ज्ञानाची मंदिरं चालवणाऱ्यांना असे विषय चावून चावून खायला आवडतात. हिरवा की निळा यावर दोन तट पडले, शब्दाला शब्द वाढला, चहा झाला, परत तट पडले, आणि शेवटी रंगासाठी उपसमिती नेमावी असा ठराव मंजूर झाला.

पुढच्या सभेच्या आधी यंत्राने उतरवलेला मजकूर प्रत्येकाच्या घरी पोचला. गठ्ठाच होता. अध्यक्षांचं भाषण तीन पानं होतं. ‘मी काय म्हणतो, म्हणजे मी काय म्हणतो, आता बघा, मी काय म्हणतो’ अशी ती तीन पानं होती. ते काय म्हणतात हे चौथ्या पानावरही आलं नव्हतं. मधेच चहाच्या वेळचं बोलणं होतं. त्यात उपाध्यक्ष शेजाऱ्याला अध्यक्षांबद्दल सांगत होते, की या म्हाताऱ्याला घरी बसवल्याशिवाय संस्थेचं काही खरं नाही. यंत्राला मराठीही बेताचंच येत होतं. पेशव्यांच्या काळी ‘ध’चा ‘मा’ करायला निदान माणूस लागला होता. इथे यंत्राने ‘उपसमिती नेमावी’चं ‘उपासमार नेमावी’ केलं होतं, आणि शेवटची ओळ होती : ‘ठराव सर्वानुमते मांजर.’

सभा सुरू झाली ती पेटूनच.

“हे मी बोललोच नाही!” उपाध्यक्ष ओरडले.

चिटणीसांनी बिचाऱ्यांनी यंत्राचं बटण दाबलं. उपाध्यक्षांचा घोगरा आवाज खोलीभर पसरला : या म्हाताऱ्याला घरी बसवल्याशिवाय...

“आवाज माझा आहे,” उपाध्यक्ष म्हणाले, “पण शब्द माझे नाहीत.”

“आणि मी एवढ्या वेळा ‘मी काय म्हणतो’ म्हणतच नाही,” अध्यक्ष म्हणाले. “मी काय म्हणतो, हे यंत्र सदोष आहे.”

गठ्ठे गोळा करून फाडण्यात आले. म्हणजे अध्यक्षांनी स्वतः फाडले, पण आपण सर्वानुमतेंच्या भाषेत सांगू. यंत्र मात्र फेकता येईना, कारण ते संस्थेच्या मालमत्तेत नोंदलं गेलं होतं. मग तोडगा निघाला : यंत्राने ऐकावं, आणि सर्वानुमतेंनी ते यंत्रातून परत ऐकून आपल्या पद्धतीने नीट लिहावं. सर्वानुमतेंची छाती फुगली. त्यांच्या सहा ओळींची किंमत सगळ्यांना कळली होती. जिन्यात उपाध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “तुमच्यासारखं लिहिणं यंत्राला जमणार नाही हो. तुम्ही ऐकतच नाही, तेच बरं.”

उपाध्यक्षांनी हे कौतुकाने म्हटलं होतं. सर्वानुमतेंनी ते कौतुक म्हणूनच घेतलं, आणि नंतर दिवसभर ते घशात काटा अडकावा तसं अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, ते फाटकाची सभा ऐकायला बसले. आयुष्यात शेकडो सभांना ते हजर होते. ऐकत होते पहिल्यांदा. सभेत ते नेहमी पुढचं वाक्य जुळवत असायचे. इथे हात मोकळे होते. आणि गंमत अशी, की त्या गोंगाटात खजिनदार पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, “अहो, रंगाचं राहू द्या, फाटक गंजलंय. पोरांच्या अंगावर पडेल.” हळू आवाजात, दर वेळी आणखी हळू. कुणी ऐकलं नव्हतं. ज्यांच्या कानाजवळून पेला गेला तेच हे खजिनदार, आणि सर्वानुमतेंना त्यांचा आवाज असा आहे हे ठाऊकच नव्हतं. सगळ्या सभेतलं एकुलतं एक शहाणं वाक्य सर्वानुमतेंच्या नाकाखालून निघून गेलं होतं.

मग चहाचे कप वाजले, आणि अध्यक्षांचा मजेत आलेला आवाज आला : “अहो साहेब, तुम्ही इतकी वर्षं रोज त्या फाटकातून येता. तुम्हाला कोणता रंग आवडेल?”

पुढे शांतता. पेनाची खरखर. मग एक रुक्ष, सपाट आवाज म्हणाला, “नोंद घेतली.” आणि खोलीभर हशा.

सर्वानुमतेंनी ते मागे नेऊन परत ऐकलं. कोण हा माणूस? कोणीतरी आपुलकीने काही विचारतंय, आणि हा त्याची नोंद घेतोय! मग उमगलं, की टेबलाच्या टोकाला बसणारा दुसरा कोणी नाही. आपल्याला कुणी काही विचारलं होतं, हेसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी परत ऐकलं. परत ऐकलं. प्रत्येक वेळी तो आवाज तेवढाच कोरडा. टकळी एक पूर्ण संध्याकाळ या आवाजासमोर बसली होती, आणि आपलं रडणं सांगत होती. त्यांना लाज वाटली. अगदी कानाच्या पाळ्या तापल्या. हेडफोन काढून त्यांनी पेन उचललं.

त्या दिवशी इतिवृत्तात त्यांनी आयुष्यात प्रथमच लिहिलं, ‘फाटक गंजले आहे, असे खजिनदार म्हणाले.’ अध्यक्षांनी मसुदा वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“खजिनदार म्हणाले? असं नाव घेऊन कशाला? ‘निदर्शनास आले’ लिहा. आणि मी काय म्हणतो, ती ओळच काढा ना.”

ओळ निघाली. फाटक हिरवं झालं. सर्वानुमतेंनी वाद घातला नाही, त्यांना वाद घालता येतच नव्हता. ते घरी आले, हातपाय धुतले आणि बायकोला म्हणाले, “ते बोलून पाठवायचं कसं असतं?”

बाई हातातलं काम टाकून आली. हे चिन्ह दाबून धरायचं, बोलायचं, बोट सोडलं की गेलं. “आणि काय बोलणार आहात?”

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तयारी झालेली होती. ते वाचू लागले, “चिरंजीव टकळीस अनेक आशीर्वाद. दोन वर्षांपूर्वी झालेल्या बोलण्याच्या विषयास अनुसरून कळवण्यात येते, की त्या वेळी तुझे म्हणणे ऐकून घेण्यात आले नाही. याबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे.”

“कोण करतंय खेद व्यक्त?” बाईने विचारलं. “शेजारचे?”

“मीच की.”

“मग तसं लिहा. आणि ऐकून घेण्यात आलं नाही म्हणजे? कोणी घेतलं नाही? घरात चोर शिरला होता का?”

त्यांनी पेन काढलं, बराच विचार केला आणि ‘माझ्याकडून’ हा शब्द वर लिहून खाली काकपदाची खूण केली. पुढे जाणं त्यांच्याने होईना. बाईने कपाळाला हात लावला. मग तिला नवऱ्याचा चेहरा दिसला, आणि तिने पिशवी उचलली. “मी भाजी घेऊन येते,” म्हणाली. “मी असताना तुम्हाला जमायचं नाही.”

एकटे राहिल्यावर ते खिडकीशी उभे राहिले. फोन तोंडापुढे आडवा धरला, चिन्ह दाबलं, “चिरं...” म्हणाले आणि घाबरून बोट उचललं. गेलं! परत दाबलं. “चि...” तेही गेलं. तिसऱ्या खेपेस नुसताच खाकरल्याचा आवाज गेला. लिहिण्यात बरं असतं, खोडता येतं. इथे खाकरणंसुद्धा दप्तरी दाखल होत होतं. मग मात्र त्यांनी बोट घट्ट दाबून धरलं आणि कागद डोळ्यांसमोर धरून, स्वल्पविराम, पूर्णविराम सांभाळत, सगळा मजकूर काकपदासकट वाचला. बोट उचललं आणि खुर्चीत बसले. मजकूर चोख होता. तरी त्यांना ठाऊक होतं, की नोंद घेणारा तो माणूसच पुन्हा बोलला होता. आता एका अक्षराचं उत्तर येईल, ‘हो.’ त्यांनी फोन पालथा ठेवला, म्हणजे ते यायचं दिसायला नको.

फोन वाजला. संदेश नव्हे, फोन.

“बाबा, तो कागद खाली ठेवा.”

“कुठला कागद?”

“ज्यावरून वाचलंत तो. मी दिवसभर हेच काम करते, वाचणारा माणूस मला लगेच कळतो. ठेवलात?”

“ठेवला.” ठेवलाही होता.

“आता मला सांगा, दम कसला लागतोय तुम्हाला?”

“कुठे काय? मजकूर नीट पोचला ना? त्यात माझ्याकडून असा शब्द मुद्दाम...”

“मजकूर पोचला. मी तीनदा ऐकलं, बाबा. तुम्ही ‘खेद’ म्हणालात आणि श्वास घेतलात. ‘व्यक्त’ म्हणालात आणि परत घेतलात. तिथे श्वास घ्यायची जागाच नाही. मागे रस्ता ऐकू येत होता, खिडकीशी उभे होतात ना? नुसतं उभं राहून वाचताना? कधीपासून चाललंय हे?”

सर्वानुमतेंच्या तोंडात ‘प्रकृती ठीक’ तयार होतं. लिहायचं असतं तर केव्हाच लिहून झालं असतं. पण पलीकडे लेक थांबून होती, आणि तिचं थांबणं ऐकू येत होतं. तिचा मघाचा आवाज घाबरलेला होता. त्यांच्यासाठी घाबरलेला. दोन वर्षांत त्यांनी तो ऐकला नव्हता.

“जिन्यात,” ते म्हणाले.

“काय जिन्यात?”

“कार्यालयाच्या जिन्यात. दुसरा मजला चढला की छातीत भरून येतं. मग मी सूचनाफलकापाशी थांबतो. वाचत असल्यासारखं करतो. कोणी बघितलं तर काय म्हणेल, म्हणून. फलकावरच्या सूचना मीच लावलेल्या असतात गं, त्यात वाचायचं काय?” ते हसायला गेले आणि हसताना दम लागला. तोही पलीकडे गेला. “तू गेलीस त्यानंतर कधीतरी सुरू झालं. आईला नाही सांगितलं. म्हणजे... सांगता आलं नाही मला. मला भीती वाटते, टकळी.”

दार उघडंच होतं. बाई भाजीची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती, किती वेळ ते देव जाणे. तिने पिशवी खाली ठेवली, आत आली आणि फोनसाठी हात पुढे केला.

“आई आली का?” टकळी रडत रडतच म्हणाली. “तिला द्या फोन. उद्याच डॉक्टरकडे नेऊ दे, मी सकाळच्या गाडीने येते. द्या तिला.”

सर्वानुमतेंनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि बायकोचा हात हलकेच बाजूला केला.

“देतो,” ते म्हणाले, “पण आधी माझं बोलून होऊ दे.”